सकाळी तांबडा दिवा, दुपारी हिरवा

मंठा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव आणि गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे. कारण पत्रातच आहे, घरात शब्दाला शब्द लागला आहे. तेव्हा नाव राहू द्या. पत्रातला मजकूर मात्र पुष्कळ घरांच्या कामाचा आहे, म्हणून आजचे हे पान त्यालाच दिले आहे.

त्या लिहितात, "आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा सोलर पंप आहे. गेल्या साली बसला. पंधरा प्लेटा होत्या. दसऱ्यानंतर धाकट्या दिरांनी कुठून तरी तीन प्लेटा आणल्या आणि त्याच रांगेत जोडल्या, पाणी जादा निघेल म्हणून. दिवाळीपर्यंत काही तक्रार नव्हती. आता थंडी पडली तसा सकाळी कंट्रोलरवर तांबडा दिवा लागतो, इंग्रजीत ओ व्ही अशी अक्षरे येतात आणि मोटार उठतच नाही. दहा-साडेदहाला आपोआप हिरवा दिवा लागून पाणी सुरू होते. गहू एकवीस दिवसांचा झाला आहे. मालक म्हणतात भावाने वाटोळे केले, दीर म्हणतात डबाच बोगस आहे. एक मिस्त्री म्हणतो, हजार रुपये द्या, आत सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा वाढवून देतो, मग कधी बंद पडणार नाही. खरे काय ते सांगा."

ताई, आधी कामाचे सांगतो, मग कारण. त्या मिस्त्रीला डब्याला हात लावू देऊ नका. डबा बोगस नाही. तुमच्या दिरांनी वाटोळेही केलेले नाही, पण गणित चुकले आहे. आणि डबा रोज सकाळी तेच गणित तांबडा दिवा लावून तुम्हांला सांगतो आहे.

आता कारण. ओ व्ही म्हणजे ओव्हरव्होल्टेज, विजेचा दाब प्रमाणाबाहेर चढला. काही कंपन्यांच्या डब्यावर ओ यू अशी अक्षरे येतात, अर्थ एकच. सोलर पंपाचा कंट्रोलर, गिरणीवरचा ड्राइव्ह, कारखान्यातला व्हीएफडी ही एकाच जातीची भावंडे आहेत. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत जी वस्तू कपाटाएवढी असते तीच तुमच्या विहिरीवर पाटीएवढी होऊन टांगलेली आहे. काम एकच, मोटारीला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून मोटार हळू किंवा जोरात फिरवायची. पूर्वीच्या स्टार्टरला हे येत नसे. बटण दाबले की मोटार एकदम पूर्ण वेगाने, नाहीतर बंद.

हे साधण्यासाठी डब्यात काय असते? एक हौद असतो असे समजा. लाईनची वीज असो की प्लेटांची, ती आधी या हौदात येते. लाईनची वीज उलटसुलट वाहणारी, तिला सरळ करून हौदात घेतात. प्लेटांची वीज मुळातच सरळ असते. हौद म्हणजे डब्यातले मोठे कपॅसिटर. मग हौदातून मोजून मापून, सेकंदाला ३० फेरे, ४० फेरे, ५० फेरे अशी वीज मोटारीला सोडतात. हौदातल्या पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज. हौदाच्या भिंतीला अमुकच उंची पेलते. पाणी त्याच्या वर जायला लागले की डबा येणारी वाट सोडून बाकी सगळे काम थांबवतो आणि तांबडा दिवा लावतो. ४१५ व्होल्टच्या मोटारीसाठी असलेल्या बहुतेक डब्यांत ही रेघ ८०० व्होल्टच्या आसपास असते. तुमच्या डब्याची नेमकी किती ते त्याच्या पाटीवर छापलेले असते, ते पाहून घ्या.

आता तुमच्या प्लेटा मोजू. प्रत्येक प्लेटेच्या पाठीमागे एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर व्हीओसी म्हणून एक आकडा असतो. प्लेटेला काहीही जोडलेले नसताना, भर उन्हात आणि प्लेटेचे तापमान २५ अंश असताना ती किती व्होल्ट दाखवील तो हा आकडा. तीनशे तीस वॉटच्या नेहमीच्या प्लेटेचा तो सुमारे ४६ असतो. एका रांगेत जोडलेल्या प्लेटांचे व्होल्ट एकमेकांत मिळतात. १५ प्लेटा म्हणजे ६९०. ठीक. १८ प्लेटा म्हणजे ८२८. इथेच रेघ ओलांडली!

तुम्ही म्हणाल, मग दुपारी कसा चालतो? दुपारी तर ऊन जास्त. यातच गंमत आहे, आणि पुष्कळ शिकलेली माणसेही इथे फसतात. प्लेटेला ऊन लागले की वीज वाढते हे खरे, पण प्लेट तापली की तिचा व्होल्टेज उतरतो. तापमान एक अंश वाढले की शेकडा सुमारे पाव ते तीस पैसे व्होल्ट कमी. दुपारी प्लेट हाताला चटका बसेल इतकी, म्हणजे ५५ अंशांपर्यंत तापते. २५ च्या वर ३० अंश, म्हणजे शेकडा सुमारे ९ व्होल्ट उतरले. ८२८ चे झाले ७५३. रेघेच्या खाली. हिरवा दिवा.

सकाळचे उलट. मंठ्याकडे पौषात पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, कधी त्याहून खाली. प्लेट रात्रभर उघड्या आभाळाखाली गार झालेली. ऊन कोवळे असले तरी व्होल्टेज मात्र जवळजवळ पूर्ण येतो, कमी असते ती वाहणारी विजेची धार. त्या बारीक धारेवर मोटार उठू पाहते, पाणी वर चढत नाही, मोटार बसते. बसली की प्लेटा मोकळ्या होतात आणि व्होल्टेज मोकळ्या बैलासारखा वर धावतो. आठ-साडेआठला तो ८०० ओलांडतो. ऊन चढून प्लेटा तापेपर्यंत तो खाली यायचा नाही. म्हणून तुमच्याकडे दहा-साडेदहाचा मुहूर्त! दसऱ्याला हवा गरम होती म्हणून दोष दिसला नाही. दिरांचा असा समज झाला की आपण जोडले ते बरोबरच होते. तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी जोडले तेव्हा डबा गप्प होता.

जादा प्लेटांनी पाणी तरी वाढले का? त्याचेही उत्तर देऊन टाकतो, म्हणजे घरातला वाद मिटेल. भर दुपारी पंधरा प्लेटांवरच पाच हॉर्सपॉवरची मोटार बहुधा पूर्ण वेगाने फिरत असते. त्यापुढे डबा तिला जास्त फिरवीत नाही. थोडे वाढले असेल ते सकाळ-संध्याकाळ, आणि नेमकी सकाळच आता हातची गेली. शिवाय प्लेटा जुन्या किंवा वेगळ्या वॉटच्या असतील तर एका रांगेत सगळ्यांत अशक्त प्लेटेची धार तीच सगळ्यांची धार होते. एक बैल अधू असला की जोडी त्याच्याच चालीने चालते.

उपाय सरळ आहे. त्या तीन प्लेटा काढून पूर्वीप्रमाणे पंधरांची रांग करावी. त्या तिन्हींना वेगळी रांग करून पंधरांच्या रांगेला बाजूने जोडू नये. पंधरांचे ६९० आणि तिघींचे १३८, यांची सांगड बसत नाही. घरच्या दिव्यांसाठी, पंख्यासाठी त्या वेगळ्या वापरता येतील, त्याला वेगळा चार्जर आणि बॅटरी लागेल. दीर हौशी आहेत असे पत्रावरून दिसते, ते काम त्यांना द्या.

आता हे काढायचे कसे, यावर मला जरा थांबायचे आहे. लाईनच्या विजेची आपल्याला सवय आहे. कटाउट काढला, फ्यूज काढला, झाले. प्लेटांना कटाउट नाही. सूर्य उगवला की त्या जिवंत, मावळला की निवांत. मधे कुणाचे काही चालत नाही. सरळ विजेची ठिणगी लाईनच्या ठिणगीसारखी आपोआप विझत नाही. लाईनची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी तुटते. प्लेटांची वीज शून्यावर येतच नाही. मोटार चालू असताना कुणी दोन प्लेटांमधली पिन ओढली तर पिनेच्या दोन्ही टोकांमध्ये निळा जाळ धरून राहतो. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. एका पिनेला घाई केली होती, आणि मी या धंद्यात नवखा नव्हतो. आपला निऑनचा टेस्टरही सरळ विजेवर भरवशाचा नाही. तो पेटला नाही म्हणून तार मेलेली आहे असे समजू नये. १,००० व्होल्ट सरळ वीज मोजणारा मल्टिमीटर असेल तरच मोजावे.

म्हणून आधी डबा बंद करावा, त्याच्या शेजारचा प्लेटांकडचा स्विच पाडावा, दिवस मावळल्यावर किंवा उगवण्याआधी पिना सोडाव्यात. डबा उघडायचाच असेल तर सगळे बंद केल्यानंतर निदान दहा मिनिटे थांबावे. मघाशी सांगितलेला हौद वीज बंद झाली तरी लगेच रिकामा होत नाही. आणि खरे म्हणजे हे काम पंप बसवणाऱ्या संस्थेच्या माणसाकडूनच करून घ्यावे. २०२४ पासून महावितरणमार्फत राबवलेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्के, आणि पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. तुमचा पंप त्या योजनेतला असेल तर कागद काढून वाचा. प्लेटा वाढवल्या हे त्यांच्यापासून लपवू नका. लपवून डबा जळाला तर हमीवर पाणी पडेल.

आता त्या हजार रुपयांच्या मिस्त्रीबद्दल. जुन्या वाचकांना आठवत असेल, विद्युत मंडळाच्या काळात मोटार वारंवार तुटायला लागली की काही जण स्टार्टरच्या रिलेला काडी लावून, दोरीने बांधून ठेवीत. मोटार तुटणे थांबे खरे. आणि मग आठ-पंधरा दिवसांत बैलगाडीत घालून मोटार वायंडिंगला न्यावी लागे. मर्यादा वाढवणे म्हणजे रिलेला दोरी बांधणे. डब्यातले कपॅसिटर बहुधा दोन-दोन जोडीने लावलेले असतात, एकेक ४०० किंवा ४५० व्होल्टचा. म्हणजे जोडीची ताकद ८०० ते ९००. रेघ त्यांच्यासाठी काढलेली आहे. रेघ पुसली म्हणून भिंत उंच होत नाही. कपॅसिटर फुटतो तेव्हा सुतळी बॉम्बसारखा आवाज होतो आणि डबा अख्खा जातो.

गव्हाचे मात्र आजच पाहा. पेरणीपासून अठरा ते एकवीस दिवस म्हणजे मुकुटमुळे फुटण्याची वेळ, गव्हाचे सगळ्यांत मोलाचे पाणी तेच. उद्या सकाळपर्यंत प्लेटा निघाल्या नाहीत तर दहा ते चार जे पाणी मिळेल ते गव्हालाच द्यावे, हरभरा दोन दिवस थांबेल.

पत्र इथे संपले, पण ओ व्ही अक्षरे फक्त सोलरवर दिसत नाहीत. लाईनवरच्या ड्राइव्हची कारणे वेगळी आहेत. त्यातले जास्त भेटणारे कारण सांगतो.

मंठ्याच्या बाजारपेठेतल्या एका गिरणीवर मला बोलावणे आले होते. दगडाची गिरणी, दहा हॉर्सपॉवरची मोटार, नवा ड्राइव्ह. मालकाची तक्रार अशी, दिवसभर काही नाही, रात्री शेवटचे दळण झाले आणि बंद करायचे बटण दाबले की तांबडा दिवा. रोज नाही, पण चार दिवसांतून तीनदा. आम्ही बटण दाबून पाहिले, दिवसा काही झाले नाही. रात्री आठपर्यंत बसलो. मालकाच्या आईने भाकरी-पिठले खाऊ घातले. मग बटण दाबले, तांबडा दिवा.

बंद करतानाच का? भरलेली बैलगाडी सपाटीवर असते तेव्हा बैल गाडी ओढतात. उताराला लागली की गाडी बैलांना ढकलते. गिरणीचा जड दगड फिरता असताना ड्राइव्हने फ्रिक्वेन्सी झपाट्याने उतरवली तर दगड थांबायला तयार नसतो, तो मोटारीला ढकलत राहतो. ढकललेली मोटार जनरेटर होते आणि वीज उलटी हौदात फेकते. लाईनकडे परत जायला वाट नाही, कारण लाईनकडून येणारी झडप एकाच बाजूने उघडते. हौद भरतो, ओ व्ही. या ड्राइव्हवर थांबण्याचा वेळ पाच सेकंद ठेवलेला होता. बसवणाऱ्याने ड्राइव्ह जसा डब्यातून आला तसा बसवला होता.

पण मग रात्रीच का? दिवसा मीटरवर लाईनला ४१२ व्होल्ट होते. रात्री त्याच जागी ४५५. आपल्याकडच्या डीपीतून बिनभार ४३३ व्होल्ट निघावेत असे गृहीत धरलेले असते, म्हणजे डीपीजवळच्या घराला, भार नसेल तेव्हा, ४१५ च्या वरच मिळणार. वरच्या अकरा हजारच्या लाईनवर भार उतरला की आणखी चढते. पावसाळ्यात झड लागली, सगळ्या शिवारातले पंप बंद, म्हणजे हाच प्रकार दिवसाही. हौदातली पातळी लाईनच्या व्होल्टच्या १.४१ पट असते. ४१२ ला ५८३, ४५५ ला ६४३. साठ व्होल्टची जागा आधीच भरलेली, मग दगडाने ढकललेल्या विजेला हौदात जागा कमी. दिवसा काठाशी येऊन थांबत होते, रात्री काठावरून जात होते. दोन कारणे एकत्र आल्याशिवाय दोष दिसत नव्हता. म्हणूनच तीन मिस्त्री दिवसा येऊन, चालते आहे की, म्हणून निघून गेले होते.

थांबण्याचा वेळ पाचाचा तीस सेकंद केला. तक्रार थांबली. एक पैसा खर्च नाही, उलट मालकाने अर्धा किलो बेसन दिले. वेळ वाढवून भागत नसेल तर ड्राइव्हला 'मोकळे सोड' असेही सांगता येते, म्हणजे तो हात काढून घेतो आणि दगड आपोआप थांबतो. कडबाकुट्टीचे चाक, मोठा पंखा, डाळमिल यांना हेच लागू. जिथे लवकर थांबवणे भागच आहे तिथे ब्रेकचा रेझिस्टर बसवतात. तो उलटी आलेली वीज तापून खाऊन टाकतो. त्याच्यावर पोती ठेवू नयेत.

डबा जरा बरा असेल तर ओ व्ही केव्हा आले तेही सांगतो. वेग घेताना आले तर एक आकडा, थांबताना आले तर दुसरा, एकसारखा फिरताना आले तर तिसरा. आकडा वहीत लिहून पुस्तिकेशी ताडून पाहावा. थांबताना आले तर मघाचा उपाय. एकसारखा फिरताना आले तर लाईनकडे पाहावे. सबस्टेशनवर कपॅसिटरची बँक जोडली-तोडली जाते त्या क्षणी लाईनवर एक लाट येते. डोळ्याला दिवा लुकलुकलेलाही दिसत नाही, पण ड्राइव्ह तुटतो. रोज ठरलेल्या वेळेला तुटत असेल तर हीच शंका धरावी. ड्राइव्हच्या आधी लाईन चोक बसवला की लाट मोडते.

कपॅसिटरवरून आठवले. वीज वाचावी, व्होल्टेज टिकावा म्हणून आपण मोटारीला कपॅसिटर लावतो. ते चांगलेच. पण ज्या मोटारीला ड्राइव्ह बसवला तिच्या अंगाला कपॅसिटर ठेवू नये. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये तार आणि फक्त तार. मी दोन ठिकाणी जुना कपॅसिटर तसाच राहिलेला पाहिला, आणि दोन्ही ठिकाणी दोष ड्राइव्हला दिला जात होता.

लाईनवर काय मिळते आहे ते मोजून तक्रार करण्याचा हक्क तुम्हांला आहे. लघुदाबाच्या ग्राहकाला ठरलेल्या व्होल्टेजच्या शेकडा सहा वर-खाली एवढीच सूट असते, म्हणजे ४१५ ला साधारण ३९० ते ४४०. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. तारीख, वेळ आणि व्होल्ट असे आठ दिवसांचे आकडे कागदावर लिहून उपविभागाच्या कार्यालयात द्यावेत आणि पोच घ्यावी.

घरी एक फेज घेऊन त्यावर तीन फेजची लहान मोटार चालवण्यासाठी जे छोटे ड्राइव्ह मिळतात त्यांचा हौद लहान. २३० व्होल्टला त्यात ३२५ असतात आणि ४०० च्या आसपास रेघ. म्हणजे घरात २८० व्होल्ट आले की तो तुटणार. घरात २८० केव्हा येतात? बहुधा डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल सुटतो तेव्हा. एका घरात दिवे फुटतात, शेजारच्या घरात मिणमिणतात. ड्राइव्हवर ओ व्ही आणि त्याच वेळी दिवा भगभगीत दिसला तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, मेन स्विच पाडा, टीव्ही-फ्रीजच्या पिना काढा आणि वायरमनला बोलवा. ड्राइव्हने तुम्हांला आधी सावध केले असे समजा.

एक तपासणी घरच्या घरी करण्यासारखी आहे. मोटार थांबलेली असताना लाईनचे व्होल्ट मोजा, त्याला १.४१ ने गुणा, आणि डब्याच्या पडद्यावर हौदाचा जो आकडा दिसतो त्याच्याशी ताडून पाहा. ४२० मोजले तर पडद्यावर ५९०च्या आसपास यायला हवे. दहा-पंधराचा फरक सोडून द्या. पडद्यावर ७२० दिसत असतील तर हौद भरलेला नाही, मोजपट्टी बिघडली आहे. आतले कार्ड दुरुस्तीला द्यावे लागेल. असे क्वचित होते, पण दुकानदार पहिल्यांदा कार्डच बदलायला सांगतो म्हणून हे लिहिले.

बोअर खोल असेल, ड्राइव्ह वर आणि मोटार शे-दीडशे मीटर खाली, तर आणखी एक प्रकार होतो. ड्राइव्हकडून जाणारी वीज ठोक्यांनी जाते. लांब तारेच्या टोकाला ठोका आदळून परत येतो, तशी बाकीची भर पडून मोटारीच्या टोकाशी क्षणभर दुपटीपर्यंत व्होल्टेज चढतो. हे डब्याला दिसत नाही, तांबडा दिवा लागत नाही. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा वायंडिंग जळाले की मग लक्षात येते. अशा ठिकाणी ड्राइव्हच्या बाहेर पडणाऱ्या तारेवर चोक लावून घ्यावा. नवे बोअर, नवा कंट्रोलर घेताना तारेची लांबी विक्रेत्याला लिहून द्यावी.

मृगाआधीच्या वादळात वीज कडाडते तेव्हा प्लेटांकडचा आणि लाईनकडचा, दोन्ही स्विच पाडून ठेवावेत. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दोन घागरी पाणी ओतत जावे. हे आपल्याला माहीत असते, फक्त होत नाही.

ताई, तुम्हांला एक काम सांगतो. प्लेटा काढल्यावर आठ दिवस, सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी चारला डब्याच्या पडद्यावरचा व्होल्टचा आकडा मुलांच्या जुन्या वहीत लिहून ठेवा. शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिच्याकडे सोपवा, हिशेब ती चोख ठेवील. सकाळचा आकडा ७५० च्या खाली राहिला तर काळजी नको. वर गेला तर वहीच्या पानासह पुन्हा लिहा, आणि डब्याच्या पाटीवरची सगळी अक्षरे जशीच्या तशी उतरवून पाठवा. आणि दिरांना सांगा, प्लेटेच्या मागचा कागद वाचून मला कळवावे की त्या तिन्हींचा व्हीओसी किती आहे. ४६ आणि ३८ अशा दोन प्रकारच्या असतील तर घरच्या दिव्यांसाठीही त्या एकत्र जोडता यायच्या नाहीत, मग वेगळे काही सुचवावे लागेल.